कसं लागतंय रे?

परवा अंबरनाथला चायनीजच्या गाडीवाल्यानं कढईत मिरची टाकली आणि अख्खी गल्ली खोकली. उभ्या रिक्षासुद्धा शिंकल्या, शपथ! मला मात्र बाबा आठवले.

बाबा एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत होते. मी सातवीत असताना त्यांनी मला अशाच गाडीवर पहिल्यांदा शेजवान नूडल्स खायला नेलं. पहिल्याच घासाला माझ्या कानांतून धूर निघाला. बाबांनी मात्र आपल्या नूडल्सवर वाटीभर लाल चटणी ओतली आणि दहीभात खावा तसं निवांत खायला लागले.

गाडीवाला घाबरला. "काका, मर जाओगे!"

"आण अजून," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुला कसं लागतंय रे?"

मी कशाला कमी सांगतोय! "बाबा, जिभेवर लवंगी फटाक्यांची माळ लागलीय! मागून आंबट येतंय, आणि कोबी एकदम गोड!"

"गोड? खरंच?" ते डोळे मिटून हळूहळू चावू लागले. "अजून सांग."

मी सांगत सुटलो. माझ्या बापाएवढं तिखट खाणारा तालुक्यात नाही, ही फुशारकी पुढे कित्येक वर्षं मारली.

बाबा गेल्यावर आई म्हणाली, "कसलं तिखट! कंपनीतल्या वाफांनी त्यांची चव कधीच गेली होती. पोरगा सांगतो तेव्हा लागते, म्हणायचे."

परवा मी तेच मागवलं. पहिला घास घेतला. तिखट होतं. त्यापुढे सांगण्यासारखं काहीच सुचेना.