कॉरिडॉरच्या टोकाचा वर्ग

मुलाच्या शाळेतून फोन येणं ही नागोयात साधी गोष्ट नाही. बाकी सगळं शाळा महिनाभर आधी कागदावर कळवते. फोन येतो तो मुलाला ताप आला तरच. त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका दुपारी मोबाइलवर शाळेचा नंबर दिसला तेव्हा मी पर्स आणि छत्री उचलूनच फोन घेतला. वर्गशिक्षिका बोलत होत्या. त्यांना मुलं सेन्सेई म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांचा आवाज फार गोड होता. जपानी माणूस फार गोड बोलायला लागला की मी खुर्ची शोधते.

"तुम्हा आईवडिलांनाही मुलाची काळजी वाटते, हे परवाच्या पालकभेटीत कळलं. मोकळेपणानं बोललात, बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्याची एक चाचणी घेऊ. मग एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की टोकाच्या वर्गात बसवायचं का, ते भेटून ठरवू."

टोकाचा वर्ग शाळेच्या तळमजल्यावर, कॉरिडॉर संपतो तिथे आहे. त्याचं सरकारी नाव लांब आणि प्रेमळ आहे. ज्या मुलांना शिकताना जास्त मदत लागते त्यांच्यासाठी तो असतो. मुलं मोजकी, शिक्षक मायाळू, खिडकीत टोमॅटोची रोपं. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ती उत्तम जागा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या मुलाला गरज होती ती जपानी भाषेची. पुण्याहून येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. भागाकार त्याला येत होता. भागाकार करायला सांगणारं वाक्य वाचता येत नव्हतं. आणि त्या वर्गात गेलेलं मूल सहसा पुढेही त्याच वाटेनं जातं, मग चांगल्या हायस्कूलचं दार त्याच्यासाठी अरुंद होत जातं, एवढं मी वाचून होते. वाचनाचा हा एक तोटा आहे. माणूस नीट, मुद्देसूद घाबरतो.

पालकभेटीला नवरा एकटा गेला होता, कारण माझी त्या दिवशी पार्टटाइम कामाची पाळी होती. फोन आला त्या संध्याकाळी तो ऑफिसातून आल्यावर मी विचारलं, "तू सेन्सेईंशी काय बोललास?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"त्यांनी विचारलं, घरी कसा असतो. मी म्हटलं, दगड आहे. काही म्हणून डोक्यात शिरत नाही. आता तुमच्याच हाती सोपवलाय."

यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर पुण्यात मलाही वाटलं नसतं. मास्तरांसमोर आपल्या पोराचं कौतुक करणं हा आमच्याकडे उद्धटपणा, शिवाय दृष्ट लागायची भीती. माझा पहिला नंबर आला त्या वर्षी माझ्या वडिलांनी मुख्याध्यापकांना माझ्यासमोरच सांगितलं होतं, "म्हैस आहे हो नुसती." मुख्याध्यापक हसले, वडील हसले, मी पेढे वाटले. त्यात नवऱ्याच्या कंपनीनं त्याला जपानी शिष्टाचाराचं प्रशिक्षण दिलेलं. तिथे शिकवलं होतं की परक्यासमोर आपल्या माणसाला कमीच लेखावं. दोन संस्कृतींचा विनय एकाच माणसात साठला आणि तो पालकभेटीला गेला. फक्त एक गोष्ट प्रशिक्षणात राहून गेली. जपानी बाप असं बोलला की सेन्सेई म्हणतात, "छे छे, किती गुणी आहे." परदेशी बाप बोलला की त्या लिहून घेतात.

"मग आता फोन करून सांग की गंमत केली," मी म्हटलं.

"गंमत कुठे केली? विनय केला."

मुलगा टेबलाशी बसून गृहपाठ करत होता. मी त्याला विचारलं, शाळेत काही झालं का. तो म्हणाला, "बेत्सुनी." म्हणजे विशेष काही नाही. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक 'बेत्सुनी'कडे मी डॉक्टरसारखी बघायला लागले. रात्री तो झोपेत बोलला तर कोणत्या भाषेत बोलतो हे ऐकत उशाशी बसू लागले. भीतीनं माणूस हुशार होत नाही, फक्त जागा राहतो.

इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं. आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी भाड्याच्या सभागृहात बसतो आणि तिथे अध्यक्ष दरवर्षी सांगतात की आपण प्रत्येक जण इथे भारताचा राजदूत आहोत. मैत्रीण म्हणाली, "अगं, त्या वर्गात आपली मुलं नसतात. तिथे ती ब्राझील-पेरूवाल्यांची असतात. कारखान्यातली माणसं ती."

"शाळेला फरक कळत नसेल," मी म्हटलं.

"मग कळवा ना. आपण इंजिनियर लोक."

राजदूतांचं हे असं असतं.

चाचणी झाली. निकालाची बैठक व्हायच्या आधीच्या रविवारी वॉर्ड ऑफिसात 'परदेशी रहिवाशांशी संवाद' होता आणि त्यात भारतीयांची प्रतिनिधी म्हणून मला बसायचं होतं. महिन्यापूर्वी विचारलं तेव्हा मी खुशीत हो म्हटलं होतं. पेरूच्या लोकांतर्फे शेजारच्या सरकारी वसाहतीत राहणारी एक बाई होती. सुपरमार्केटात आम्ही एकमेकींना मान झुकवत असू, तेवढीच ओळख. छातीवर कागदी फुलं लावून आम्हाला व्यासपीठावर बसवलं. मग एका प्राध्यापकांनी पडद्यावर दोन रकाने दाखवले. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते.

डावीकडे: अलीकडे आलेले, पदवीधर, कंपनीनं घेऊन दिलेलं घर, काही वर्षांनी परत जाणारे. उजवीकडे: एक पिढी आधी आलेले, पूर्वी जपान सोडून ब्राझील-पेरूला गेलेल्यांचीच नातवंडं, सुट्या भागांच्या कारखान्यांत रोजंदारी, सरकारी वसाहत, इथेच राहणारे. माणूस अभ्यासू होता, त्याचं काहीही चुकलं नव्हतं आणि त्यामुळेच मला त्याचा राग येत होता. 'मुलांचं शिक्षण' या ओळीत आमच्या रकान्यात लिहिलं होतं 'उच्च अपेक्षा' आणि त्यांच्या रकान्यात 'आव्हानं'. मी त्या पडद्याकडे बघत होते. माझा मुलगा त्याच क्षणी डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि हे सभागृहात कुणालाच माहीत नाही, असं मी धरून चालले होते.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं की शाळा फार सहकार्य करते. टाळ्या वाजल्या.

कार्यक्रमानंतर कप विसळायचं काम दोन्ही रकान्यांतल्या बायकांकडे आलं. मला कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचता येते पण बोलताना मी अडखळते. ती धबधब्यासारखी जपानी बोलते पण वाचू शकत नाही. दोघींची मिळून एक पूर्ण बाई झाली असती.

"तुमच्या मुलाची चाचणी झाली म्हणे," ती म्हणाली. "माझी मुलगी त्याच वर्गात बसते. दोन वर्षं झाली."

माझ्या हातातला कप मी जरा जास्तच वेळ विसळला.

"मी सेन्सेईंना काय सांगितलं होतं माहिती आहे?" ती म्हणाली. "माझी मुलगी सगळ्यांत हुशार आहे, सगळं तिला येतं. आमच्याकडे असंच सांगतात. आईच नाही म्हणणार तर कोण म्हणणार?"

"मग?"

"मग त्यांनी लिहून घेतलं की आईला परिस्थितीची कल्पना नाही."

"माझ्या नवऱ्यानं सांगितलं, मुलगा दगड आहे."

ती कप खाली ठेवून हसायला लागली. "सख्ख्या बापानं? तुमच्याकडे मुलांना बाहेरच्या शत्रूंची गरजच नाही."

मीही हसले. हसता हसता विचारलं, "तिथे आवडतं का मुलीला?"

"आवडतं. सगळे तिच्याशी हळू बोलतात." तिनं फडकं पिळलं. "आता तीही हळू बोलायला लागली आहे. घरी स्पॅनिशमध्येसुद्धा."

मी नळ बंद केला. मग विचारलं की तेव्हा तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत.

"घाबरले. नाही म्हटलं तर वाईट आई ठरले असते. तुम्ही म्हणणार आहात?"

"मीही घाबरलेच आहे."

"तरी म्हणून बघा," ती म्हणाली. "चाललं, तर मीही जाऊन तेच म्हणते."

बैठकीसाठी मी एक वाक्य तयार केलं. आमचा मुलगा मागे पडलेला नाही, नवा आहे. एक वर्ष याच वर्गात ठेवा, जपानीची मदत द्या, मग पुन्हा बघू. न्हाणीघराचं दार लावून मी ते इतक्या वेळा म्हटलं की मुलगा बाहेरून विचारू लागला, आत कोण आहे.

बैठकीला मुख्याध्यापक होते, उपमुख्याध्यापक होते, आमच्या सेन्सेई आणि टोकाच्या वर्गाचे शिक्षक होते. त्यांनी चाचणी दाखवली. एक प्रश्न होता, बाहेरून घरी आल्यावर आधी काय करता? जपानी मुलं हात धुतात आणि गुळण्या करतात. आमच्या मुलानं सांगितलं होतं, पाय धुतो. समोर फुली होती. हे पाय मीच धुवायला लावत होते, रोज, न चुकता. मी माझं वाक्य म्हटलं. मधलं एक क्रियापद पडलं, तरी ते शेवटपर्यंत गेलं.

मुख्याध्यापकांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांची नजर नवऱ्याच्या छातीवर थांबली. तो ऑफिसातून तडक आला होता आणि कंपनीचं कार्ड गळ्यातून काढायचं विसरला होता.

"अच्छा, तुम्ही तिथे आहात," मुख्याध्यापक म्हणाले. "माझी गाडीही त्यांचीच."

मग थोडा वेळ गाडीवर बोलणं झालं. ब्रेकच्या सॉफ्टवेअरबद्दल मुख्याध्यापकांनी खरोखर चांगला प्रश्न विचारला. मग ते सेन्सेईंकडे वळून म्हणाले, "पालकांचा एवढा निश्चय आहे, तर एक वर्ष बघू या."

नवरा उठून कमरेत वाकला. "तसा नालायकच आहे तो, पण..." इथपर्यंत तो आला आणि मी, शाळेत पाहुण्यांना घालायला देतात त्या चपलेनं, त्याच्या पायावर पाय दिला.

त्या संध्याकाळी मी गोड शिरा केला. मुलानं विचारलं, काय आहे आज. मी म्हटलं, बेत्सुनी.

दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या सायकल स्टँडपाशी मी तिला ते वाक्य सांगितलं. तिनं ते एकदाच ऐकलं आणि परत म्हणून दाखवलं, पडलेल्या क्रियापदासकट, माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. आपल्या नवऱ्याला कारखान्यातून रजा घ्यायला लावून ती त्याला घेऊन शाळेत गेली. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती त्याच स्टँडपाशी सायकलचं कुलूप हातात घेऊन उभी होती.

"म्हणाले, मुलीला आता तिथली सवय झाली आहे. घाई नको. खूप छान बोलले."

"वाक्य तेच म्हटलंत?"

"अक्षरशः तेच. मुलीपुरतं बदललं तेवढंच." ती माझ्याकडे बघत होती. "तुम्ही आणखी काय बोलला होतात?"

"काहीच नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"आठवून बघा. मी चिडणार नाही. फेब्रुवारीत पुन्हा भेट मागितली आहे. या वेळी नाही झालं तर मुलगी त्याच वर्गातून माध्यमिक शाळेत जाईल."

पिशवीतलं दूध जड झाल्यासारखं वाटत होतं. मी घरी आले. नवरा रोज आल्या आल्या ते कार्ड दाराजवळच्या खुंटीला अडकवतो. प्लॅस्टिकचा पातळ तुकडा, त्यावर त्याचा घाबरलेला फोटो. त्याचा करार दरवर्षी मार्चअखेर संपतो आणि दरवर्षी नवा होतो, कधी आधी होणार नाही असं सांगून मग होतो. या वर्षी ऑफिसात कुणी काही बोलत नाही, असं त्यानं आठवड्यापूर्वी जेवताना सांगितलं होतं आणि मी त्याला भाजी वाढली होती. शाळेनं आम्हाला दिलेल्या एका वर्षाचा हिशेब त्या खुंटीला लटकत होता.

रात्री जेवताना मी त्याला म्हटलं, "फेब्रुवारीत पुन्हा शाळेत जायचंय. त्या पेरूच्या बाईबरोबर."

"आपण? आपण कोण त्यांचे?"

"शेजारी. तू ऑफिसातून तडक ये."

त्यानं घास थांबवला. तो मंद नाही, फक्त विनयशील आहे. त्यानं खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि बोलायचं काय?"

"बोलायचं तिनं. तू नुसता बस. मुलीबद्दल तर एक शब्दही काढू नकोस."

"कार्ड मार्चअखेरपर्यंतच आहे. भेट त्याआधी आहे ना?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी आहे," मी म्हटलं.