उंदराच्या कानातला लाल ठिपका

उंदीर पकडणं हीच ज्यांची नोकरी, त्यांना किस्से जमवत बसावं लागत नाही. संध्याकाळी पिंजरे लावायचे, सकाळी उचलायचे. एखाद्या दिवशी उंदीर नसतो, किस्सा मात्र हमखास असतो! आमची टीम तिघांची: उंदरांपासून माणसांना होणारे आजार शोधणाऱ्या मॅडम, लॅबचं बघणारा मी आणि ड्रायव्हर गजाननभाऊ.

*

भातकुलीला मॅडमनी पिंजऱ्यात शेंगदाण्याचं कूट ठेवायला सांगितलं. दोन दिवस पिंजरे रिकामे. तिसऱ्या दिवशी सगळे भरलेले! गजाननभाऊंनी गुपचूप कांद्याची भजी ठेवली होती.

"मॅडम, वऱ्हाडातला उंदीर हाय. त्याले तेलातलंच लागते!"

*

अकोल्याच्या जुन्या शहरातले एक किराणा दुकानदार छातीठोकपणे म्हणाले, "आपल्या दुकानात एकही उंदीर नाई." सकाळी पाच पिंजऱ्यांत पाच!

"हे सारे बाजूच्या दुकानातले हायेत," ते म्हणाले. "मी ओयखतो त्याईले!"

*

एकदा उंदराच्या कानातून खरडलेला लाल ठिपका मी मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्याला पाय होते आणि ते हलत होते! हा किडा चावला की स्क्रब टायफसचा ताप येऊ शकतो, चाव्याच्या जागी काळी खपली धरते, असं मॅडमनी सांगितलं. गजाननभाऊंनी आधी चपला बाहेर काढल्या, मग डोळा लावला. मग मान वर करून मॅडमना विचारलं,

"एवढासा जीव, अन् माणूस आडवा करते?"

मी हे रोज बघतो, पण त्या दिवशी मीही पुन्हा डोळा लावून बघितलं.

*

आणि अकोटच्या सुशीलावहिनी, गजाननभाऊंच्या धाकट्या भावाची बायको. बांधावरचं गवत कापून आल्या आणि काही दिवसांनी तापाने फणफणल्या. नऊ दिवस ताप हटेना. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. आता माणसंही ओळखेनात. मॅडमना स्क्रब टायफसचा संशय आला; त्यांच्या सांगण्यावरून दवाखान्यातल्या सिस्टरनी अंगभर ती काळी खपली शोधली, सापडली नाही. कमरेचा नवसाचा दोरा तेवढा कोणी हलवला नव्हता. नवस फिटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही घरची रीत.

गजाननभाऊ आईसमोर हात जोडून उभे राहिले. "माय, तो किडा म्या डोयानं पाह्यला. दोरा वर करू दे. देवीची माफी मी मागतो."

दोऱ्याखाली काळी खपली होती! गोळ्या सुरू झाल्या, दोन दिवसांत ताप उतरला. गजाननभाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले.

महिन्याने आम्ही त्याच बांधावर पिंजरे लावले. वहिनी बघायला आल्या. मॅडमनी पिंजऱ्यातल्या उंदराचा कान भिंगातून दाखवला. लाल किड्यांनी गच्च भरलेला! उंदीर मात्र टुणटुण उड्या मारत होता. वहिनींनी भिंग हातात घेऊन पुन्हा पाहिलं.

"मॅडम, मले त एकच चावला असन. हा इतके अंगावर घेऊन कसा काय जगून राह्यला?"