पहिलटकरणीचा पत्ता

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. सेवाग्रामच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात नर्सबाईंच्या लोखंडी टेबलावर मी माझा प्रबंध ठेवला, तो दुरुस्तीसाठी नव्हे, कौतुकासाठी. शुक्रवारी तो जमा करायचा होता. मुदत चुकली तर एम.डी.ची परीक्षा सहा महिने पुढे.

प्रश्न साधा होता: दवाखान्यात जन्मलेली बाळे पहिल्या महिन्यात कमी आजारी पडतात का? पण दवाखान्यात जाणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या, शिकलेल्या, जवळ राहणाऱ्या. म्हणून वय, शिक्षण आणि अंतर यांवरून प्रत्येकीची दवाखाना गाठण्याची शक्यता मी आकड्यात बसवली आणि सारख्या आकड्याच्या दोघींची जोडी लावली. एक दवाखान्यात बाळंत झालेली, दुसरी घरी. माझ्यासाठी तीन वर्षे स्थळे पाहणाऱ्या आईला जे साधले नव्हते, ते मी संगणकावर एका दुपारी उरकले. दवाखाना दणदणीत जिंकला होता.

नर्सबाईंनी चष्मा चढवून यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवले.

"हे पोरगी दवाखान्यापासून बावीस किलोमीटर कशी?"

"रजिस्टरात तोच पत्ता आहे."

"तो सासरचा. पहिलटकरीन सासरी काऊन राहीन? मायकडं होती. मायचं घर दवाखान्याच्या मागं. कळा आल्या तं पायीच गेलती." त्यांनी पान उलटले. "हेही मायकडं. हेही. तुमच्या कम्प्युटरले माय नाई काय, मॅडम?"

मी स्वतः आईच्या माहेरी जन्मले. हे मला माहीत होते. माझ्या समीकरणाला नव्हते.

मार्गदर्शक सरांचा सल्ला व्यवहार्य होता. "तळटीप टाका आणि जमा करा. परीक्षक अंतर मोजायला येणार नाहीत." त्या संध्याकाळी मी तळटीप लिहिलीही. ती इतकी सुबक उतरली की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

बुधवारपासून मी उपकेंद्रात ठाण मांडले. नर्सबाईंना प्रत्येकीचे माहेर तोंडपाठ. त्या गावे सांगत, मी अंतरे बदलत असे. शुक्रवार आला, गेला. बरोबरीच्या सगळ्यांचे प्रबंध जमा झाले.

"सहा महिन्यांचं काय घेऊन बसल्या," नर्सबाई म्हणाल्या, "बाळाले नऊ लागते."

पुढच्या मंगळवारी हिशेब नव्याने मांडला. जवळच्या बहुतेक जणी दवाखान्यात गेलेल्या, लांबच्या बहुतेक घरीच राहिलेल्या; सारख्या आकड्याच्या, जोडी लागेल अशा फारच थोड्या उरल्या. दवाखाना अजूनही पुढे होता, पण धापा टाकत. आधीच्या जोड्या ११८. वहीत नोंदवले: आता ५३.