घसा बसला त्या दिवशीचं पान

हाडविगबाई म्हणजे हट्टीपणाचा कळस. मोझेल नदीकाठच्या आमच्या मठात चाळीस वर्षं प्रार्थनेचं गाणं त्याच उचलत. सगळी गाणी तोंडपाठ, गुरू ऊटाबाईंच्या तोंडून ऐकून घेतलेली. गाणं लिहायची नवी पद्धत आली होती, तांबड्या-पिवळ्या रेघा आणि त्यांवर खुणा. त्यातलं बाईंना ओ की ठो कळत नसे. पण कबूल करतील तर शपथ!

मठाच्या आईसाहेबांनी हुकूम सोडला, सगळी गाणी पुस्तकात उतरवा. हाडविगबाई गाणार, तरुण गेपा लिहिणार. अंत्यविधीच्या गाण्याच्या दिवशी नेमका बाईंचा घसा बसला. ऊटाबाईंची शेवटची वर चढणारी जागा काही केल्या निघेना, म्हणून त्यांनी ती खालीच उरकली. गेपानं पान पुढे धरलं.

"बरोबर उतरलंय ना, ताई?"

बाईंनी रेघांकडे बघितल्यासारखं केलं. "बरोबर."

वर्षभरानं स्वयंपाकघरातल्या इमेझाबाई वारल्या. थडग्यापाशी पोरी पुस्तकातून गायल्या आणि त्या जागेला खाली उतरल्या. हाडविगबाई एकट्याच वर गेल्या. गाणं संपताच कडाडल्या, "अगं, कान फुटले का तुमचे? वर जायचं!"

"पुस्तकात खालीच आहे, ताई," गेपा म्हणाली. "तुम्हीच तर तपासलंत."

बाईंचा चेहरा उतरला. "मला त्या रेघा वाचता येत नाहीत," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि रडू लागल्या. "आणखी दोन मठांत या पुस्तकाच्या नकला गेल्यात. आता ऊटाबाईंची जागा माझ्याबरोबर मातीत जाणार."

गेपानं पानावरच्या खुणा खरवडून दुरुस्त करायला चाकू काढला.

"थांब," आईसाहेब म्हणाल्या. "मघाशी दोन्ही एकदम झालं, तसंच पुन्हा गा बघू."

पोरींनी खालचा सूर धरला, बाई वर चढल्या. आमच्या अंगावर काटा आला.

"दोन्ही लिही," आईसाहेबांनी गेपाला सांगितलं. "नकलाही पुन्हा पाठव."

"एका गाण्याला दोन तोंडं! जगबुडीच आली म्हणायची," बाई पुटपुटल्या.

गेपानं जुन्या रेघांच्या वर नव्या रेघा आखल्या, शाई वाळवली आणि पान बाईंसमोर ठेवलं. या खेपेला बाईंनी विचारलं, "यातली माझी कुठली गं?"

गेपानं त्यांचं बोट धरून वरच्या ओळीवर ठेवलं. "ही तुमची, ताई."

बाईंनी त्या ओळीवरून शेवटापर्यंत बोट फिरवलं.

"माझी नव्हे," त्या म्हणाल्या. "ऊटाबाईंची."