मेलेल्या बीजाचा वास

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांना गप्प करणारीही मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतो... पण मनात ठेवूनही चैन पडत नाही.

माझं गाव दिघोरीजवळ. बाबा तलावात मासोळ्या धरतात. दरवर्षी मासोळीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, पाणी भरलेल्या पिशव्यांतून आणून तलावात सोडतात. मी एम्ब्रियोलॉजी शिकते, आणि भंडाऱ्याच्या एका वंध्यत्व केंद्रात ट्रेनिंगला लागले. काम काय, तर काचेच्या बशीत गर्भ वाढवायचे. बाबा म्हणाले, "आमी तलावात बीज सोडतो, तू बशीत. धंदा एकच होय ना पोरी."

लॅबमध्ये वासाला बंदी असते. गर्भाला तो बाधतो. पावडर नाही, केसाला तेल नाही. हवासुद्धा गाळून आत येते.

त्या सकाळी मी इन्क्युबेटरचा, म्हणजे गर्भ उबेत ठेवायच्या पेटीचा, एक कप्पा उघडला आणि नाकात ओळखीचा वास शिरला. लहानपणी बाबांनी एकदा बीजाची पिशवी उघडली, तर वाटेतच सगळं मेलेलं. वर पांढरट साय, आणि असा वास की मी तिथेच ओकले होते. मासोळीच्या वासाची मला किळस नाही, त्यावरच वाढले. पण हा तो मेलेल्या बीजाचा वास होता.

"सर, वास येतोय."

आमचे सीनियर एम्ब्रियोलॉजिस्ट हसले. "डब्यात काय आणलंस गावाहून?"

मी अंघोळ करून, कपडे बदलून आत आले होते. तरी पुन्हा हात धुतले. बाकीच्या कप्प्यांना काही वास नव्हता. त्या एकाच बशीला होता, आणि फक्त मला.

बशी लाखांदूरकडच्या एका ताईंची होती. आधी दोनदा फसलं होतं. हा शेवटचा प्रयत्न, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्याच दिवशी ट्रान्सफर होतं, म्हणजे गर्भ नळीनं त्यांच्या गर्भाशयात सोडायचे होते. सरांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, मग मी पाहिलं. दोन्ही गर्भ काळवंडून विरघळले होते.

"मग आज ट्रान्सफर रद्द ना, सर?"

"कायले? नळीत नुसता द्रव भरून सोडू. बाई आशेनं आली, समाधान होऊ दे तिचं. टेस्ट निगेटिव्ह आली की नशीब म्हणेल." सर हे चहा सांगावा तसं बोलले. "डॉक्टर मॅडमले माहीत आहे. तू फक्त 'बरोबर' म्हण."

आमच्याकडे तशी पद्धत आहे. गर्भ नळीत घेतल्यावर एकानं पेशंटचं नाव आणि गर्भांची संख्या मोठ्यानं सांगायची, दुसऱ्यानं पाहून 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय डॉक्टर नळीला हात लावत नाहीत. चूक होऊ नये म्हणून ठेवलेला हा नियम... आणि तोच आता खोट्याच्या कामी येणार होता.

सरांनी नळी भरली. आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये गेलो. ताई टेबलावर होत्या, डोळे मिटून. सरांनी नाव घेतलं आणि म्हणाले, "दोन."

मी तोंड उघडलं आणि मास्कमध्येच उमासा आला. वास सगळीकडे भरला होता. मॅडम माझ्याकडे रोखून पाहत होत्या.

तेवढ्यात ताईंनी नाकाला पदरासारखी चादर लावली. "मॅडम, हा सडल्यावानी वास काहून येऊन राहिला वो?"

सर म्हणाले, "औषधाचा असेल."

"औषधाचा नाही." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुले येते ना?"

"येतो, ताई," मी म्हणाले. "नळीत काही नाही. दोन्ही रात्रीच गेले असावेत."

ताई रडल्या नाहीत. उठून बसल्या, चादर गुंडाळली. मग म्हणाल्या, "आता नाही येत वास." खरंच येत नव्हता.

माझं ट्रेनिंग तिथेच संपलं. जाताना पाहिलं, सरांनी हातमोजे बदलले आणि पुढची बशी काढली. ते स्वच्छ पांढरे हातमोजे आठवले की अजून मळमळतं.

बाबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बीज मेलं तर बीजवाल्यानं तोंडावर सांगा लागते."

माझ्या नाकाचं मी समजू शकते. लहानपणची आठवण असेल, भीती असेल. पण ताईंना तर कोणी काहीच सांगितलं नव्हतं... त्यांना तो वास कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही.