उरलेल्या गोळ्या

"तोंड उघड," काकू म्हणाली.

मी उघडलं.

बाळकुमच्या टॉवरची खालची लॉबी. सकाळचे साडेदहा. लिफ्टसमोर सोसायटीचे सेक्रेटरी, वॉचमन, शाळेच्या बसवरून परतलेल्या दोन बायका आणि कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा. या सगळ्यांच्या देखत तिनं माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि हुंगलं. बाजारात मासा शिळा आहे का बघतात तसं.

वास आला नाही. येणार कुठून? पोटात एक कप चहा होता आणि तिनंच दिलेली गोळी. ती सेक्रेटरींकडे वळली. "हल्ली वास न येणारीसुद्धा मिळते," म्हणाली.

पाच वर्षं मी तिला अहो-जाहो केलं. इथं करणार नाही.

मी कोपरीत राहते आणि तेव्हा त्या टॉवरमध्ये चार घरी पोळी-भाजी करायचे. साठेक पोळ्या व्हायच्या, सगळ्या उभ्यानं. त्या वर्षी माझ्या कमरेत काहीतरी बिघडलं. डाव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत शीर ओढायची, करंट बसावा तशी. पोटरी दगड व्हायची. बसलं तर उठवत नव्हतं, उठलं तर चालवत नव्हतं. काकूचं घर त्या चारांतलं पहिलं. तिच्याकडं मी दोन दिवस रजा मागितली. डॉक्टरला दाखवायचं होतं.

रजा कशाला, म्हणाली. मागच्या वर्षी तिला हेच झालेलं. तिच्या फ्रिजवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा, त्यात घरभरची औषधं. काकूच्या घरी काही वाया जात नाही. कालची भाजी मला, विरलेली चादर मला, नातीला आखूड झालेले कपडे माझ्या मुलीला. त्याच हातानं तिनं डब्यातून एक अर्धी पट्टी काढली. सहा गोळ्या उरलेल्या. स्नायू सैल होतात, दुखणं पळतं, म्हणाली. लग्नातल्या आहेराचं एक जुनं पाकीट घेतलं, रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं तसलं. पट्टी त्यात घातली आणि वर निळ्या पेनानं लिहिलं: सकाळी १, रात्री १.

मी पाया पडले नाही एवढंच. मनातून पडलेच होते.

पहिल्या रात्री गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी तोंडाला कोरड, डोळ्यांवर झापड, पण पाय हलका. बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेऊन काकूच्या ओट्याशी उभी राहिले आणि फरशी हलायला लागली. वरणाचं पातेलं उतरवताना बोटांत पकडच राहिली नाही. वरण खाली, माझ्या पायांवर, तिच्या नव्या गालिच्यावर. मी भिंत धरून उभी. काकू आली, तिनं आधी गालिचा बघितला. मग माझा दंड धरून मला लिफ्टनं खाली आणलं, सगळ्यांना दाखवायला.

लॉबीत मी म्हटलं, "गोळी." जीभ जड झालेली, शब्द टाळ्याला चिकटत होता. पण तिनं ऐकलं. तिची नजर क्षणभर खाली गेली, ती मी पाहिली. मग ती म्हणाली, "नशेच्याच गोळ्या घेत असेल."

दुपारपर्यंत तिनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की ही बाई कामावर पिऊन येते, सगळ्यांनी सांभाळा. गेटवरच्या मोबाईलमध्ये माझ्या नावापुढं प्रवेश बंद. चारही घरं गेली.

माझा बाप दारूनं गेला. आई रोज दारात त्याचं तोंड हुंगायची आणि त्यावरून आमची संध्याकाळ ठरायची. मी आयुष्यात थेंब घेतला नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिच्या मैत्रिणीची आई त्याच टॉवरमध्ये भांडी घासते. म्हणजे बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. मी घरात शिरले, मुलगी पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला आणि जरा जास्त जवळ थांबली. श्वास आत घेतला.

  माझ्या आत जे काही मऊ होतं ते त्या संध्याकाळी संपलं.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मला उताणी झोपवून पाय वर उचलून बघितला, अंगठ्याला टोचून बघितलं. मणक्यातली शीर दबली आहे, म्हणाली. मग पाकीट वाचलं, आतली पट्टी बघितली आणि विचारलं, "हे कुठल्या डॉक्टरनं लिहिलं?" मी सांगितलं.  मग तिनं नीट समजावलं. आखडलेला स्नायू वेगळा, दबलेली शीर वेगळी. ही गोळी गुंगी आणते, चक्कर आणते, तोंड सुकवते, तोल घालवते. द्यायचीच तर तपासून, थोडे दिवस, बहुतेक रात्री झोपताना. ही घेऊन गॅसपाशी उभं राहायचं नाही. एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही. मला व्यायाम दाखवले, गरम पाण्यानं शेकायला सांगितलं. पोळ्या लाटताना एक पाय पाटावर ठेव, थोड्या वेळानं बदल, म्हणाली. जांघेत बधिर वाटलं किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर त्याच घटकेला ये. हे सगळं तिनं कागदावर लिहून दिलं.

झोपताना, असं ती म्हणाली आणि मला आठवलं. मागच्या वर्षी काकूनं हीच गोळी एकदा भर दुपारी घेतली होती. तिला उभं राहवेना, बोलणं अडखळायला लागलं. काखेत हात घालून मी तिला बाथरूमला नेलं, दाराबाहेर बसून राहिले, पुढच्या घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. तेव्हा तीच म्हणाली होती की डॉक्टरनं रात्रीच घ्यायला सांगितलेली. म्हणजे तिला माहीत होतं. तिला माझं दुखणं घालवायचं नव्हतं. तिला त्या दिवसाच्या पोळ्या हव्या होत्या.

खोटं कशाला बोलू? उरलेल्या दोन गोळ्या कुटून तिच्या वरणात घालाव्यात, तिला त्याच लिफ्टपाशी उभी करावी आणि म्हणावं, तोंड उघड. दोन दिवस मी हेच चघळत होते. मग सोडून दिलं. दया आली म्हणून नाही. मला ती पूर्ण जागी हवी होती.

माझी मैत्रीण सुनंदा त्याच टॉवरमध्ये पाच घरी काम करते. तिला मी विचारलं, तुला देतात का गं औषधं? तिनं घरातून पिशवीच आणून दाखवली. मग इतर बायकांना विचारलं. प्रत्येकीच्या घरात असलं काहीतरी निघालं. उघडलेले डोळ्यांचे थेंब, लहान पोराचं खोकल्याचं अर्धं औषध, झोपेच्या गोळ्या, मुदत संपलेली मलमं. एकीला शुगर नाही तरी शुगरच्या गोळ्या.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. आम्ही अकरा बायका गेटवर उभ्या राहिलो. मला आत सोडलं नाही तर सोमवारी कुणीच वर जाणार नाही, असं सुनंदानं वॉचमनमार्फत कळवलं. सेक्रेटरींनी दहा मिनिटं दिली. आम्ही पिशव्या त्यांच्या टेबलावर ओतल्या, मीटिंगच्या रजिस्टरवर. मी पाकीट वर ठेवलं, डॉक्टरचा कागद शेजारी, आणि सुनंदानं तो मोठ्यानं वाचला.

काकू पहिल्या रांगेत होती. अक्षर सगळ्यांना दिसत होतं. ती म्हणाली, "मी चांगल्या मनानं दिली होती."

"म्हणजे दिली होती ना, काकू?"

 मी म्हटलं, "तुम्ही हीच गोळी घेतलेली तेव्हा मी तुम्हाला धरून बाथरूमला नेलं. तुमचं तोंड नाही हुंगलं."

 आजोबा खाली बघत होते. सेक्रेटरी म्हणाले, गैरसमज झाला, प्रवेश चालू करतो, विषय संपवू. विषय त्यांचा संपला.

बाहेर काकू माझ्या मागं आली. तिची पाठ पुन्हा धरली होती, चालताना कळत होतं. हळू आवाजात म्हणाली, झालं गेलं विसर, उद्यापासून ये. मी म्हटलं, जिथं लिहिलंत तिथंच लिहा. मीच गोळी दिली आणि मीच खोटं बोलले, असं.

"अगं, मग माझी काय इज्जत राहील?" तिनं मला विचारलं. मला.

आता मी शेजारच्या टॉवरमध्ये काम करते. नव्या घरात पहिल्या दिवशी ओट्याखाली पाट मागते. देत नाहीत तिथं थांबत नाही. शीर अजून ओढते, पण डोकं जागं आहे. गोळ्या दवाखान्यात जमा केल्या. पाकीट ठेवलंय. दर रविवारी अकराला ते घेऊन मी त्याच लॉबीत जाते, लिफ्टसमोर उभी राहते. ती खाली उतरते, मला बघते, कधी परत वर जाते. दूध आणायलासुद्धा आता ती दुसऱ्या लिफ्टनं जाते, असं सुनंदा सांगते.

तिनं लिहिल्याशिवाय मी तिला सोडणार नाही. माझी मुलगी ते वाचेल, तोंडानं, मोठ्यानं, माझ्यासमोर. आणि लिहिलं तरी तिच्या ओट्याशी मी उभी राहणार नाही.