हौद्याला लावलेलं वॉर्निश

माझ्या थोरल्या भावाची पिकअप गोल नाकाची होती. पुढे दोघांनी बसायचं, मागे लाकडी तळाचा हौदा. भावानं ती आयुष्यभर धसईच्या बाजाराला चालवली. तो गेल्यावर पुतण्या चालवू लागला आणि मागचा माल वहिनी बघायची. हौद्याच्या फळ्या मात्र पार कुजल्या होत्या. एकदा भाताच्या गोणीसकट एक फळी खाली बसली, तेव्हा मी शहापूरहून फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं की हौद्याचं काम माझ्याकडे.

मी नुकताच कचेरीतून निवृत्त झालो होतो. वेळ आणि मोबाइल, दोन्ही भरपूर. परदेशात जुन्या पिकअप नव्यासारख्या करून मिरवणारे हौशी लोक असतात, त्यांचे व्हिडिओ मी रोज बघत बसे. त्यांच्या हौद्याचा तळ असा चकाकतो की वाकलं तर तोंड दिसावं. त्या गाड्यांत कुणी भेंडी भरत नाही हे मला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

काम धसईच्या सुताराला दिलं. हा भावाच्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. पंचक्रोशीतली निम्मी दारं त्याच्या हातची. त्यानं जुनी फळी उपटून उलटीसुलटी केली आणि ऐन घालू म्हणाला. ऐनाचं लाकूड दिसायला काळपट, पण पाण्याला दाद देत नाही. मी साग म्हणून अडून बसलो. मग आम्ही दोघं मुरबाडच्या वखारीत गेलो. तिथे तो प्रत्येक फळीचं टोक ओल्या बोटानं पुसायचा, आतली वलयं कुठल्या बाजूला वळली आहेत ते बघायचा आणि पांढरं लाकूड दिसलं की फळी बाजूला ढकलायचा. पांढऱ्याला कीड आधी लागते म्हणे. अर्धा दिवस घालवून त्यानं सात फळ्या काढल्या. मला तर सगळ्याच सारख्या दिसत होत्या.

सागावर तो राजी झाला, कारण साग काही वाईट नव्हे. बिनसलं ते पुढे, भावाच्या अंगणात. फळ्यांच्या सांध्यांवरून लोखंडी पट्ट्या जातात. त्या तो लाकडाच्या वर, अर्ध्या बोटाएवढ्या उचललेल्या ठेवणार होता, म्हणजे घसरता पाय त्यांना अडतो. आणि लाकडाला नुसतं गरम जवसाचं तेल, कापडानं चोळून. मला पट्ट्या फळ्यांत बुडवून एका पातळीत हव्या होत्या आणि वर जाड चकचकीत वॉर्निश हवं होतं. मी त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो शेवटपर्यंत नीट पाहिला.

"हौदा हाय भाऊ, देव्हारा नाय," तो म्हणाला. "वल्या पायानं चढतो मानूस ह्यात."

मी कचेरीतल्या आवाजात सांगितलं की काम माझं आहे, माझ्या मनासारखं करा. त्या आवाजाची मला आजही लाज वाटते. त्यानं पट्ट्यांसाठी खाचा पाडल्या, वॉर्निशचे चार हात दिले, दर हातानंतर घासून पुन्हा दिले. मनाविरुद्धचं काम इतकं सुंदर करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. फार्महाउसवाल्या एका गृहस्थानं रस्त्यात गाडी थांबवून हौद्याचा फोटो घेतला, तर मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या आठवड्यात बाजारात वहिनी पडली. मी त्या दिवशी गाडीची वाहवा ऐकायलाच गेलो होतो. भेंडीवर पाणी शिंपडलेलं, ते निथळून हौद्यात आलेलं. वहिनी चपला खाली काढून अनवाणी चढली, कारण चकचकीत लाकडावर चपलेनं चरे पडतात असं मीच तिला बजावलं होतं. क्रेट उचलून वळताना तिचा पाय सटकला आणि ती उजव्या हातावर, हौद्याच्या मागच्या फाळक्यावर आदळली. मनगट मोडल्याचा आवाज मला खाली उभं राहून ऐकू आला.

माणसं धावली. पुतण्यानं आईला उतरवलं, हौद्यावरून हात फिरवला आणि सगळ्या बाजारासमोर सुताराच्या नावानं ओरडायला लागला, की ह्याला साध्या पट्ट्या बसवता येत नाहीत, ह्यानं माझी आई पाडली. आजूबाजूचे माना डोलवू लागले. मी त्याच्या शेजारी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, ते नंतर बघू, आधी दवाखान्यात चला. घाई खरीच होती, आणि मी तिच्यामागे लपलो.

मुरबाडला प्लास्टर झालं. वहिनीचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. भाकरी थापताना आता तिचा हात मध्येच थांबतो आणि ती डाव्यानं फिरवून घेते. शेजारचे बघायला यायचे, त्या प्रत्येकाला पुतण्या सुताराची गोष्ट सांगायचा. त्याच्या नव्या घराची दारं-खिडक्या सुताराला द्यायची ठरली होती. ती त्यानं मुरबाडच्या दुकानातून तयार आणली. बाजारातल्या एका भाजीच्या व्यापाऱ्यालाही सुताराकडून गाळ्यातली मांडणी करून घ्यायची होती. त्यानं तो विचार सोडला.

सुतार स्वतः वहिनीला बघायला आला. ओटीवर बसला, प्लास्टरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्या हातचं काम, वयनी. चूक माझीच." मी समोरच खुर्चीत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही; पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. मी काय केलं? मी त्याला चहा घ्या म्हणालो.

मग मला स्वस्थ बसवेना. मी शहापूरहून कापडी पॉलिश पेपर घेऊन आलो आणि तीन दिवस हौद्यात गुडघ्यांवर बसून सगळं वॉर्निश खरवडून काढलं. तळहात सोलले. पट्ट्यांखाली पातळ फळकुटं घालून त्या वर उचलल्या आणि लाकडाला जवसाचं तेल चोळलं. म्हणजे सुतारानं पहिल्या दिवशी सांगितलं ते सगळं केलं, फक्त तोंड उघडलं नाही. पुतण्यानं ते बघून ग्रुपवर लिहिलं की सुताराची चूक काकांनी दुरुस्त केली. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी ते वाचलं आणि तेही तसंच राहू दिलं. एवढा भेकड मी कधी झालो ते मला खरंच कळलं नाही.

शेवटी एका दुपारी वहिनी वालाच्या शेंगा सोलत होती, डाव्या हातानं, हळूहळू. मी तिच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं मान वर केली नाही.

"म्हाईत हाय मला, भावजी," ती म्हणाली. "तुमचा वाद झाला तवा मी दाराआडच व्हते."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

संध्याकाळी मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला की दारं तर बसली, काका. दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेलो. तो पडवीत एक जुना पाट दुरुस्त करत होता. मी माफी मागितली, घरात सगळ्यांना खरं सांगितलं म्हणून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"घरात सांगितलंत, बरं झालं," तो म्हणाला. "पन मला नावं बाजारात ठेवली, भाऊ. बाजारात कोन सांगनार?"

पुढच्या बाजाराला मी गेलो. त्या व्यापाऱ्याच्या गाळ्यापुढे उभं राहून, चार माणसांच्या देखत, चूक माझी होती, सुतारानं मला आधीच बजावलं होतं, असं मोठ्यानं सांगितलं. त्यानं भेंडी तोलता तोलता ऐकलं आणि जाऊ द्या काका, जुनी गोष्ट झाली, म्हणाला. त्याच्यामागे नवी मांडणी उभी होती. मुरबाडच्या माणसानं केलेली, आणि चांगली भक्कम होती.